गुडघा बदलून सात आठवडे झाले, पडल्यापासून वाकत नाही: आधी काय बघायचं आणि मालीशवाल्याला का थांबवायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. सासूबाई ६४ वर्षांच्या, साखर आहे, आयुष्यभर विड्या वळल्या. उजवा गुडघा बदलून ७ आठवडे झाले. चौथ्या आठवड्यात गुडघा ८५ अंशांपर्यंत वाकत होता आणि वॉकर सोडून त्या काठीवर आल्या होत्या. पाचव्या आठवड्यात एका पहाटे नळाला पाणी आलं, घरभर पसरलेल्या पाइपात पाय अडकला आणि त्या पडल्या. एक्स-रे चांगला आला. पण तेव्हापासून पलंगावरच आहेत आणि आता गुडघा ६५ च्या पुढे जात नाही. डॉक्टर म्हणतात भूल देऊन वाकवू. तुमचे मिस्टर म्हणतात पुन्हा भूल नको. मावससासूबाईंनी एक मालीशवाला ठरवलाय, तो रविवारी येणार आहे. आणि तुमचा प्रश्न आहे, पडल्यामुळे नवा गुडघा खराब झाला का?

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते, २१ वर्षं झाली. निम्मे पेशंट शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातले, त्यामुळे ‘मोकालु’, ‘नोप्पी’ आणि ‘मेल्लगा’ हे तीन तेलुगू शब्द तोंडात कायमचे बसलेत. गुडघा, दुखणं आणि हळूहळू. माझा सगळा धंदा या तीन शब्दांवर चालतो. पाणी येण्याच्या दिवशी पडलेले पेशंटही दर वर्षी येतात. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात त्या दोन तासांत घरातलं कुणीच माणसात नसतं. पिंप, बादल्या, हंडे, मधून पाइप, खाली ओली शहाबादी फरशी. आणि तीस वर्षं पाण्याच्या आवाजाला उठायची सवय असलेल्या बाईला कुणी आधी सांगितलेलं नसतं, की आज तुम्ही उठायचं नाही.

मला मात्र पडण्यापेक्षा त्यानंतरचे दोन आठवडे जास्त खटकले. तुम्ही सहज लिहून गेलात, ‘आता आम्ही त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही.’ धातूचा सांधा घरातल्या साध्या पडण्यानं सहसा बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या भोवतीचं. आतली जखम भरताना नवे पापुद्रे तयार होतात. रोज हलवलं तर ते लवचीक राहतात, नाही हलवलं तर आहेत तिथंच चिकटून बसतात. आपल्याकडच्या भाकरीसारखं समजा. ताजी ज्वारीची भाकरी दुमडते. तीच वाळवून कडक केली की दुमडत नाही, मोडते. सासूबाईंचा गुडघा आत्ता या दोन्हींच्या मधे आहे. हातात वेळ आहे, पण फार नाही.

आता एक कबुली. मी त्यांचा पाय पाहिलेला नाही. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता, साखर किती असते, हाडं किती ठिसूळ आहेत, यावर खूप काही ठरतं. म्हणून ‘हा नुसता आखडलेला गुडघा आहे’ असं गृहीत धरण्याआधी तीन गोष्टी बाजूला काढायच्या असतात. मी पेशंटच्या घरी गेले तरी याच क्रमानं जाते.

पहिली तपासणी घरी होते, पैसे लागत नाहीत. सासूबाईंना उताणं झोपवा आणि गुडघा सरळ ठेवून सबंध पाय वीतभर उचलायला सांगा. थरथरत का होईना, टाच गादीवरून सुटली आणि गुडघा साधारण सरळ राहिला तर निम्मी काळजी मिटली. टाच सुटतच नसेल, किंवा मांडी वर येते पण खालचा पाय लोंबकळतो, आणि पडण्याआधी हे जमत होतं, तर वाटीच्या वरचा किंवा खालचा पट्टा (मांडीच्या स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा) तुटलेला असू शकतो. एक्स-रेत हाड दिसतं, पट्टा दिसत नाही. फार तर वाटी जागेवरून सरकलीय का, एवढा अंदाज येतो. असं असेल तर वाकवण्याचा एकही व्यायाम करायचा नाही, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवायचं. शिवाय पडल्या दिवशीच्या एक्स-रेत हाडातली बारीक चीर कधीकधी निसटते. म्हणून भूल देऊन वाकवायचं ठरलं तर त्याआधी नवा एक्स-रे हवाच. बहुतेक सर्जन स्वतःहून काढतात. नाही काढला तर तुम्ही विचारा, त्यात संकोच कसला?

दुसरी गोष्ट जंतुसंसर्ग. साखर असलेल्या माणसाचा गुडघा सुधारता सुधारता मागे गेला, की मी हात लावण्याआधी प्रश्न विचारते. दुखणं कमी होत आलं होतं आणि मग काही कारण नसताना वाढलं का? रात्री नुसतं पडून असतानाही ठणकतो का? टाक्यांच्या रेषेतून पाणी किंवा चिकट काही येतं का? ताप, थंडी? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टर. नुसता गुडघा गरम लागतो म्हणून मात्र घाबरू नका, बदललेला गुडघा कित्येक महिने दुसऱ्यापेक्षा कोमटच लागतो. ऑपरेशनच्या चिरेच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, कारण कातडीची एक बारीक नस तिथं कापली जाते. चालताना टक्‌टक्‌ आवाज येतो, तो धातू आणि प्लॅस्टिकचा. या तिन्हींसाठी लोक मला रात्री अकराला फोन करतात.

रक्ताच्या तपासणीत सीआरपी आणि ईएसआर हे शरीरातली सूज-दाह सांगणारे दोन आकडे असतात. सीआरपी साधारण सहा आठवड्यांत खाली यायला हवा, ईएसआर मात्र महिने घेतो. संशय पक्का असेल तर डॉक्टर निर्जंतुक जागी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवतात. म्हणून एक कळकळीची विनंती: मेडिकलमधून अँटिबायोटिकचा ‘पाच दिवसांचा कोर्स’ आणून देऊ नका. त्यानं जंतू मरत नाहीत, दबून बसतात. मग तपासणीत उगवत नाहीत आणि डॉक्टरला कळतच नाही, नक्की कशाशी लढायचंय. संसर्ग लवकर सापडला तर आतून धुऊन, मधलं प्लॅस्टिक बदलून सांधा वाचवायचा प्रयत्न करता येतो. उशीर झाला तर अख्खा सांधा काढायची वेळ येऊ शकते.

तिसरी गोष्ट पोटरी, आणि इथंच तुमचा रविवार येतो. दोन आठवडे पलंगावर असलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होऊ शकते. ऑपरेशननंतर तीन महिन्यांपर्यंत हा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. एकाच पायाची पोटरी सुजलेली, ताणलेली, दाबल्यावर दुखणारी असेल तर डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. आणि एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, तर पायाचा विचार सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा, कारण गाठ सुटून फुप्फुसात गेलेली असू शकते. अशी पोटरी जोरजोरात रगडणं म्हणजे नेमकं काय करणं, हे वेगळं सांगायला नको.

मालीशवाल्यांवर माझा राग नाही. दमलेल्या पाठीला त्यांचा हात सोन्याचा असतो. पण ७ आठवड्यांचा, ६५ अंशांवर अडकलेला गुडघा पाहून त्यातला उत्साही माणूस काय करतो, ते मी पाहिलंय. एक जण गुडघ्यावर बसतो, दुसरा जण पाय ओढतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आत रक्त साकळतं, ठिसूळ हाड असेल तर मोडतं. मावससासूबाईंना दुखवायचं नसेल तर त्यांना एक काम द्या. जखम पूर्ण भरलेली असेल, खपली कुठंच नसेल, तर खोबरेल तेलाच्या एका बोटानं चिरेवर हळूहळू गोल फिरवायचं, पाय सैल सोडून वाटी चिमटीत धरून हळुवार डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवायची. पाच मिनिटं, दोन वेळा. याचा खरंच उपयोग होतो, आणि घरातल्या मोठ्या माणसाचा मानही राहतो. मिठाचा शेक, एरंडाची पानं, हळदीचा लेप, यातलं काही नको. बधिर कातडीला चटका कळत नाही.

आता व्यायाम. मी फार प्रकार देत नाही, कारण दिले तर कोणतेच होत नाहीत. न डगमगणारी, हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय अनवाणी, खाली प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे तळवा सरकतो. ऑपरेशनचा पाय मागे सरकवायचा, डाव्या पायानं पुढून हलका रेटा द्यायचा, ताण आला की दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. मग शेवटच्या वेळी अंगठा जिथं पोचला तिथं फरशीवर खडूनं रेघ मारा. खुर्ची रोज त्याच फरशीवर. दुसऱ्या दिवशी रेघ बोटभर मागे जायला हवी. अंश मोजायचं यंत्र तुमच्याकडे नाही, खडू आहे. कोनापेक्षा रेघ माणसाला पटतेही लवकर. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या माझ्या एक पेशंट आजी नातवाला दिवसातून चार वेळा खडू आणायला पिटाळायच्या.

एका दमात तासभर करू नका. दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. डॉक्टरांनी दिलेली दुखायची गोळी जोरदार व्यायामाच्या पाऊण तास आधी घ्यायची. आमच्याकडे उलटं चालतं, आधी व्यायाम, मग कळवळणं, मग गोळी. नंतर बर्फ, कापडात गुंडाळून, १५ मिनिटं. दुखणार आहे, खोटं कशाला सांगू? पण व्यायाम संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उतरणारं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला असेल तर आपण अति केलं, त्या दिवशी निम्मं करा. शून्य नाही, निम्मं.

वाकवण्याच्या नादात सरळ करणं विसरू नका. हे माझ्याच घरात झालंय. बाबांचा गुडघा बदलला तेव्हा मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगत होते, गुडघ्याखाली उशी ठेवू नका. आणि आमच्या घरी मी स्कूटी काढली की आई बाबांच्या गुडघ्याखाली उशी सरकवायची, स्कूटीचा आवाज आला की काढायची. बाबा त्या कटात सामील. सहाव्या आठवड्यात मोजलं तर गुडघा १२ अंश वाकडाच राहत होता. ती वाकडी चाल सरळ करायला आम्हाला तीन महिने लागले, आणि उशीचा शोध मला धुण्याच्या दिवशी लागला. कमी वाकणारा गुडघा घेऊन माणूस बऱ्यापैकी चालतो, पण सरळ न होणारा गुडघा लंगडवतो, पाठ धरतो आणि दुसऱ्या गुडघ्याचा जीव खातो. म्हणून आपल्या सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. गुडघा अधांतरी राहू द्या, मांडी आवळून तो गादीकडे दाबायचा. एका वेळी पाच मिनिटं, वाढवत दहा. कंटाळवाणं आहे. टीव्हीवरच्या मालिका त्यासाठीच असतात असं मी पेशंटना सांगते.

तर पाय उचलता येतोय, संसर्ग नाही, पोटरी ठीक आहे आणि एक्स-रे स्वच्छ आहे, इतकं नक्की झालं, की मग मिस्टरांच्या प्रश्नाकडे येऊ. भूल देऊन वाकवणं म्हणजे नवं ऑपरेशन नव्हे. चिरा नसतो, टाके नसतात. कमरेतून किंवा थोड्या वेळाची पूर्ण भूल देतात, स्नायू सैल पडतात आणि सर्जन हातानं गुडघा सावकाश वाकवतात. चिकटलेले पापुद्रे सुटतात. काम काही मिनिटांचं. धोका शून्य नाही, हाड मोडणं किंवा पट्टा तुटणं क्वचित होतं, म्हणून ठिसूळ हाडांबद्दल सर्जनना आधी सांगायचं. भूल झेपेल का, हे भूलतज्ज्ञ हृदय, रक्तदाब आणि साखर बघून ठरवतील. मिस्टरांची भीती पहिल्या ऑपरेशनच्या रात्रीच्या एखाद्या आठवणीतून आली असेल, सासूबाई बडबडल्या असतील, उलट्या झाल्या असतील, तर तेही भूलतज्ज्ञांना सांगा. त्यांच्या कामाची माहिती आहे ती.

वेळेचा हिशेब मात्र कडक आहे. हे सहसा पहिल्या १२ आठवड्यांच्या आत करतात आणि जितकं लवकर तितकं बरं. त्यानंतर पापुद्रे कडक भाकरी होतात, मग दुर्बिणीतून सोडवणं किंवा त्याहून मोठं काहीतरी करावं लागतं. ‘महिनाभर बघू’ असं तुमच्या घरात चाललंय, तो महिनाच महाग आहे. मी अशा वेळी एक युक्ती करते. सर्जनकडून दहा-बारा दिवसांनंतरची तारीख आजच घेऊन ठेवा. तेवढ्या दिवसांत वर सांगितलेलं मनापासून करा, जमलं तर एखाद्या फिजिओला रोज घरी बोलवा. गुडघा ८५ च्या पुढे गेला तर सर्जनना दाखवून तारीख रद्द करता येईल. ७० वर अडून राहिला तर तारखेला जा. तारीख समोर असली की पेशंट व्यायाम करतो आणि घरातले वाद थांबतात. कितीतरी तारखा आम्ही अशा आनंदानं रद्द केल्यात.

आणि गेलात, तर त्या दिवसापासूनच वाकवणं चालू ठेवायचं. भुलीत ११० वाकलेला गुडघा घरी येऊन पुन्हा उशीवर ठेवला तर दोन आठवड्यांत ७० वर परततो. मग लोक म्हणतात, बघा, उगाच केलं.

किती वाकणं पुरेसं, हे तुम्ही विचारलं नाही, पण सासूबाईंच्या मनात तेच असणार. सपाटीवर चालायला साधारण ६५ ते ७० अंश लागतात. म्हणजे आत्ता त्या चालू शकतात, म्हणूनच ‘चाललंय की’ असं वाटतं. जिना चढा-उतरायला ९०-१०० आणि खुर्चीतून हात न टेकता उठायलाही तेवढेच लागतात. मांडी घालायला १२० च्या वर. सुपात तंबाखू घेऊन दिवसभर जमिनीवर बसलेल्या बाईला खुर्चीवर बसणं म्हणजे पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं, मला कळतं ते. पण ऑपरेशनच्या आधी जितकं वाकत होतं त्याच्या आसपासच नंतर वाकतं, हा मोठा नियम आहे. आधीच मांडी सुटली असेल तर नव्या गुडघ्याकडून तिची आशा धरू नका. आधी येत असेल तर सर्जनना विचारा. सांध्याच्या प्रकारावर आणि सर्जनच्या मतावर ते ठरतं, आणि दोन सर्जन दोन उत्तरं देतील. मी स्वतः खाली बसण्याच्या बाजूची नाही. टेबलावर परात ठेवूनही भाकरी थापता येते.

घराबद्दल थोडं. पाणी यायच्या दिवशी पाइप भिंतीकडेनं न्या, सासूबाईंच्या वाटेतून आडवा नको. पाण्याचा आवाज आला की त्यांनी खुर्चीत बसायचं आणि व्यायाम सुरू करायचा, गिरणीच्या भोंग्यावर कामाला लागावं तसा. त्या वेळेला तुम्ही सगळे जागे असता आणि त्यांनाही हातपाय हलवल्याचं समाधान. वॉकर पुन्हा काढलात तर पायांची रबरं बघा. एका घरात नातवानं वॉकरचा क्रिकेटचा स्टंप केला होता, दोन रबरं अंगणात आणि आजोबा ओल्या फरशीवर. संडासात टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती उखडते. भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या आणि खुर्चीवजा कमोड ठेवा. साडीचा घोळ घोट्याच्या वर. रात्री उठताना पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसून मगच उभं राहायचं, रक्तदाबाच्या आणि काही दुखायच्या गोळ्यांनी डोकं गरगरतं. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

आणि तांब्या त्यांचा त्यांना उचलू द्या. पाणी त्यांनीच उठून घ्यावं, तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा. पडल्यानंतर त्यांची भीती गुडघ्यापेक्षा जास्त आखडलेली असणार, आणि ती घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर बघून आणखी आखडते. पहिल्या महिन्यात मांडीच्या स्नायूची ताकद निम्म्यावर येते, त्यात हे दोन आठवडे गेले. ती पलंगावर परत येणार नाही.

मालीशवाल्याला आज फोन करून रविवार रद्द करा. पाय सरळ उचलून बघायचं काम संध्याकाळी करा, पोटरी हातानं चाचपून दुसऱ्या पायाशी ताडून बघा, आणि सकाळी पहिली खडूची रेघ मारली की इंचपट्टीनं खुर्चीच्या पुढच्या पायापासून किती अंतर आहे ते लिहून कळवा. ‘बरं वाटतंय’, ‘दुखतंय’ असं कळवलंत तर मला काही सांगता येणार नाही. आकडा कळवा.